पाडव्याला सांगलीकर, ईदला बांधव

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला, रविवारी. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि सोमवारी रमजान ईद झाली. सांगलीत फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्याला असा आठवडा म्हणजे सुगी. मशीन रात्री दोनपर्यंत धडधडत होतं. एकाच पुढाऱ्याचे दोन बोर्ड एकाच चौकात, एकाच बांबूच्या चौकटीवर वर-खाली लागणार होते. आमच्याकडे कोरलवर, म्हणजे बोर्डाचं डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरवर बसणारा मुलगा मिरजेचा. मुसलमान. सहा वर्षं माझ्याकडे आहे, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. त्यानं दोन्ही मॅटर स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावले. एकात ‘तमाम सांगलीकरांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’, दुसऱ्यात ‘सर्व मुस्लिम बांधवांना रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा’. जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, “दादा, मी पाडव्याला सांगलीकर असतोय आणि ईदला बांधव.”

तो हसला, मी हसलो, प्रिंट सोडली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पंधरा वर्षं हे मॅटर मी छापतोय. अक्षरं किती फुटांवरून वाचता येतील याचा हिशेब मी रोज करतो, पण ती कुणाला उद्देशून आहेत हे कधी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं तेव्हा जुने फोल्डर उघडून बसलो. दिवाळी: ‘तमाम नागरिकांना’, ‘समस्त जनतेला’, ‘सर्व सांगलीकर, मिरजकर, कुपवाडकरांना’. दसरा तसाच, गणपती तसाच. मग ईद: ‘मुस्लिम बांधवांना’. महावीर जयंती: ‘जैन बांधवांना’. नाताळ: ‘ख्रिस्ती बांधवांना’. अक्षय्य तृतीयेला बसवेश्वर जयंती असते, त्या फोल्डरमध्ये ‘वीरशैव लिंगायत समाजबांधवांना’. आणि 14 एप्रिल: ‘बौद्ध बांधवांना’, फार तर ‘तमाम भीमसैनिकांना’. अपवाद सापडले, नाही असं नाही. पण ते शोधावे लागले.

म्हणजे ज्याचा सण त्याला शुभेच्छा, असा सरळ नियम म्हणावा तर तोही पाळलेला नाही. तसा असता तर दिवाळीला ‘हिंदू बांधवांना’ लिहिलं असतं. ते कुणी लिहीत नाही. दिवाळी गावाची आणि ईद त्यांची, अशी वाटणी आम्ही सगळ्यांनी मिळून करून टाकली आहे. मॅटर देणाऱ्यानं केली, माझ्यासारख्या छापणाऱ्यानं केली, खालून जाताना मान वर करून वाचणाऱ्यानंही केली. यात कुणाच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. बहुतेकांना वाटतं आपण मोठ्या मनानं शुभेच्छा दिल्या. मला तक्रार आहे ती त्या मोठ्या मनाबद्दलच. मोठं मन पाहुण्यासाठी लागतं. घरच्या माणसाला ताट वाढताना कुणाचं मन मोठं होत नाही.

‘बांधव’ हा शब्दच बघा ना. आमच्या भागात भाऊ जवळचा असला की ‘भावा’ म्हणतात, मोठा असला की ‘दादा’, मुसलमान शेजारी वयानं मोठा असला की ‘चाचा’, जैन असला की ‘आण्णा’. ‘बांधव’ म्हणून हाक मारलेली मी उभ्या जन्मात ऐकली नाही. तो स्टेजवरचा शब्द आहे. ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणणारा माणूस त्या क्षणी शेतात नसतो. शिवाय त्यात निम्मी माणसं गळतात ती वेगळीच. ईदच्या आदल्या रात्री शेवया भाजत, खारीक-बदाम कापत, दूध आटवत जागणाऱ्या बाईला त्या बोर्डावर जागा नाही. बसवेश्वरांच्या बाबतीत तर हे फारच उघडं पडतं. बाराव्या शतकात ज्यांच्या अनुभवमंटपात, म्हणजे चर्चेच्या सभेत, निरनिराळ्या जातींची माणसं बसत, अक्कमहादेवीसारखी संत कवयित्री बोलत असे, त्यांची जयंती आम्ही छापतो ‘समाजबांधवांना’. बाकी सगळे बाहेर.

आंबेडकर जयंतीचं दुखणं याहून मोठं. आमच्या शेजारी साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 ला लहानग्या भिवाचं नाव शाळेत घातलं गेलं. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. राज्य सरकारनं 2017 पासून तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळायला सुरुवात केली, आणि तिथं मात्र कुणी ‘बौद्ध विद्यार्थी बांधवांना’ असं लिहीत नाही. सरळ सगळ्या विद्यार्थ्यांचा दिवस. शाळेत नाव घातलं तो दिवस सगळ्यांचा, आणि जन्मले तो दिवस एका समाजाचा? ज्यांनी लिहिलेल्या कायद्यानं माझ्या बायकोला मत देता येतं, त्यांच्या जयंतीच्या शुभेच्छा मला का नाहीत?

यावर पहिलं उत्तर मला माझ्याच गिऱ्हाइकांकडून मिळालं. “ईदच्या शुभेच्छा सगळ्यांना कशाला? मी कुठं रोजे धरतोय?” बरोबर आहे. पण दिवाळीचा बोर्ड बागवान गल्लीच्या तोंडावरही लागतो आणि तिथला कुणी मला येऊन विचारत नाही की मी कुठं लक्ष्मीपूजन करतोय. सण ज्याच्या श्रद्धेचा आहे त्याचाच राहतो. पण सुट्टी सगळ्यांना असते, बाजार सगळ्यांचा हलतो, पाहुणे सगळ्यांकडे जातात. पाडव्याच्या साखरगाठी ज्या बाजारात घेतल्या तिथंच दुसऱ्या हातगाडीवर खजूर होते. आणि चंद्राचं म्हणाल तर त्या वर्षी दोन्ही सण एकाच अमावस्येला टांगलेले होते. अमावस्या संपली की चैत्र लागला, आणि त्याच अमावस्येनंतरची पहिली कोर दिसली म्हणून ईद झाली. फरक एवढाच, की आपल्या पंचांगात अधिक महिना धरून वर्ष ऋतूला बांधून ठेवतात आणि हिजरी वर्ष 354 दिवसांचं, दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकणारं. म्हणून ही भेट काही वर्षं होते आणि मग बरीच वर्षं होत नाही. अशा योगाला एकाच चौकटीवर एक बोर्ड गावाला आणि एक बोर्ड बांधवांना लागला, याचं मला आता वाईट वाटतं.

दुसरं उत्तर जास्त कडू आहे. शुभेच्छा देऊच नयेत, असं सांगणारे संदेश हल्ली मोबाईलवर फिरतात, दोन्हीकडून फिरतात. एकीकडे म्हणतात, यांचे लाड बंद करा. दुसरीकडे म्हणतात, त्यांच्या सणाला मुबारक म्हणणं धर्मात बसत नाही. मी धर्मशास्त्र शिकलेला नाही, पण छपाई शिकलो आहे, आणि बोर्डावर काय असतं त्याची किंमत आमच्या भागानं मोजली आहे. सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. तिचं लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं, संचारबंदी लागली. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. त्यानंतर बराच काळ आमच्या धंद्यातला प्रत्येक जण मॅटर दोनदा वाचायचा. पुढे भीती ओसरली तशी ती सवयही गेली. एका चित्रानं एवढं होऊ शकतं तर चार शब्द काय करतात याचा विचार करायला काय हरकत आहे?

तिसरं उत्तर मात्र माझ्या त्या मुलाच्या वडिलांनी दिलं आणि त्यापुढे मी बराच वेळ गप्प होतो. ते म्हणाले, “नाव तरी येतंय की वो बोर्डावर. नागरिक म्हणून लिवलं तर आमची ईद हाय हे कुणाला कळणार?” चाचांचं म्हणणं खोटं नाही. ‘सर्व नागरिक’ या गोणपाटात भरलं की लहान माणूस तळाला जातो. नाव घेणं ही दखल असते, आणि दखल ज्याला सहज मिळते त्यानं ती दुसऱ्याला अनावश्यक आहे असं सांगू नये. पण नाव सणाचं घ्यावं, माणसांचं कुंपण कशाला? ‘रमजान ईद मुबारक’ एवढंच लिहिलं तर ईदही कळते आणि ती कुणासाठी हे ज्याचं त्याला ठरवता येतं. नाताळचं असं होऊ लागलंय बघा. केकवाल्यांनी आणि इंग्रजी शाळांनी ‘ख्रिस्ती बांधवांना’ कधीच पुसून टाकलं. आता सगळी पोरं लाल टोपी घालून फिरतात. बाजाराला जे जमलं ते पुढाऱ्यांना जमू नये?

हे सगळं लिहिताना ‘पूर्वी कसं गोडीगुलाबीनं चालायचं’ या सुरात जाण्याचा मोह होतो. तसं काही नव्हतं. पण एक गोष्ट खरीच वेगळी होती. जुन्या सणांत शुभेच्छा नव्हत्या, मान होता. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान आहे. त्याच दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते 1937 साली गेले, आणि उरसात त्यांच्या स्मरणार्थ चिंचेखाली गाण्याची मैफल होते. तिथं तंबोरा घेऊन बसणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. कडेगावच्या मोहरममध्ये बांबूचे गगनाला भिडणारे ताबूत उभे राहतात, त्यांतल्या काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे, आणि भेटीच्या दिवशी अख्खा गाव रस्त्यावर असतो. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, गेली चाळीसहून अधिक वर्षं.

मान म्हणजे काम. ताबुताचा मान असलेल्या घराला बांबू आणावे लागतात, बांधावे लागतात, खांदा द्यावा लागतो. चुकलं तर गाव विचारतं. शुभेच्छांना यातलं काहीच लागत नाही. फाईल उघडायची, हिरवा रंग काढून निळा भरायचा, चंद्र काढून चक्र टाकायचं, खाली तेच चाळीस शुभेच्छुक. अर्थात मानही जातीनं वाटलेला होता हे विसरून चालणार नाही. उरसात गलेफाचा मान असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोण येऊ देत होतं, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. मानाचे दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. त्यातलं काम तेवढं हवं होतं.

काम म्हणजे फार काही नाही. आमच्या गल्लीत जैन घरं पुष्कळ आहेत, दिगंबर. भाद्रपदात ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांचं दशलक्षण पर्व असतं, म्हणजे आमचा गणपती आणि त्यांचे उपास बरोबर एकाच वेळी. मंडळाचा महाप्रसाद रात्री आठला असायचा आणि आम्ही दर वर्षी माईकवरून ‘सर्व जैन बांधवांनी लाभ घ्यावा’ म्हणायचो. सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत हे ठाऊक असून! बटाट्याची भाजी, वर कांदा-लसूण. कोण येणार? शेवटी शेजारच्या अक्कांनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं, “तुमचं आमंत्रण लई गोड असतंय, पण जेवायचं कधी?” पुढच्या वर्षी एक पंगत साडेचारला बसवली, कांदा, लसूण, बटाटा वगळून. ज्यांचे उपास नव्हते अशी घरं आली. काही म्हातारी माणसं तर आयुष्यात पहिल्यांदा मंडळाच्या पंगतीला बसली असतील. त्या वर्षी त्यांच्यासाठी बोर्ड छापला होता की नाही, मला आठवत नाही.

याच पर्वाच्या शेवटी क्षमावाणी येते, आणि तिथं माझ्या धंद्यातली दुसरी गोची. मॅटर येतं: ‘सर्व जैन बांधवांना मिच्छामि दुक्कडम्’. हे श्वेतांबरांच्या संवत्सरीचं वाक्य. आमच्याकडचे दिगंबर ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. शिवाय ती शुभेच्छा नाहीच, ती माफी आहे. वर्षभरात माझ्याकडून दुखावला असशील तर क्षमा कर, असं एका माणसानं दुसऱ्याला म्हणायचं असतं. ती दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर, हात जोडलेल्या पुढाऱ्याच्या फोटोसकट, चौकाला उद्देशून कशी मागणार? कुणाला दुखावलं ते तरी लिहा मग.

दुसऱ्याला हसायचा अधिकार मला नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी मीच ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ छापून दिल्या होत्या. चांगला मोठा, झेंडूच्या फुलांची किनार घातलेला बोर्ड. संध्याकाळी एक म्हातारे चाचा दुकानात आले. रागावले नाहीत. स्टुलावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, “बेटा, त्या दिवशी आमच्या हुसेनांना मारलं.” इसवी सन 680 मधला करबला, तहानेनं व्याकुळ झालेलं कुटुंब, सगळं त्यांनी मला दहा मिनिटांत सांगितलं. मी बोर्ड उतरवून ‘अभिवादन’ घालून नवा दिला, माझ्या खर्चानं. गुड फ्रायडेला ‘शुभ’ आणि 6 डिसेंबरला ‘हार्दिक’ अजूनही येतं. सांगितलं तर काही जण ऐकतात, काही म्हणतात, “दिलंय तसं टाक.” मग मी टाकतो. धंदा आहे.

तरीही अशा चुकांचं मला फार वाटत नाही. चुकीची शुभेच्छा देणाऱ्याला कुणी तरी चाचा भेटतो. ‘बांधवांना’मध्ये व्याकरणाची चूक नाही, तपशिलाची नाही, म्हणून ते खटकत नाही आणि वर्षानुवर्षं राहतं.

आमचं गाव वाईट वेळेला बरं वागतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 45. माझ्या दुकानात छातीइतकं पाणी होतं, मशीन गेलं ते गेलंच. त्याच आठवड्यात, 12 तारखेला बकरी ईद होती. ‘बांधवांना’ कुणी छापलं नाही, छापायला मशीनच नव्हतं. आम्ही ज्या शाळेत होतो तिथं कुणी कुणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. ‘काय लागतंय?’ एवढं विचारत माणसं फिरत होती. पाणी उतरल्यावर घराघरांच्या पत्र्यांवर जुने फ्लेक्स ताणलेले दिसले, गळती थांबवायला. फ्लेक्स उलटा घालतात, छापील बाजू खाली. आत झोपलेल्या माणसाला वर बघितलं की दिवाळी किंवा ईद दिसणार, ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला तो. पुरात असं वागायला जमतं आणि सणात का जमत नाही, हा प्रश्न मला कळतो पण त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा पुरात कुणाला फोटो लावायचा नसतो म्हणून. तेही पूर्ण खरं नाही, मदतीच्या पिशव्यांवर फोटो होतेच.

2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढे ढकलला, सरकारनं 29 ची सुट्टी दिली. आपला दिवस दुसऱ्यासाठी सरकवणं हे मला कुठल्याही फ्लेक्सपेक्षा मोठं वाटतं. त्या वर्षीच्या आभाराच्या बोर्डांचं मॅटर काय आलं असेल ते ओळखाच. ‘मुस्लिम बांधवांचे आभार’. मी पुन्हा तसंच छापलं.

आता मात्र ठरवलंय. कुणाला भाषण देत नाही. मॅटर आलं की दोन प्रूफ पाठवतो, एक त्यांचं आणि एक माझं. माझ्यात ‘बांधवांना’ नसतं, फक्त सणाचं नाव आणि त्या सणाला शोभेल तो शब्द. बरेच जण पहिलंच निवडतात. परवा मात्र एका नगरसेवकपदाच्या इच्छुकानं दुसरं निवडलं. मला बरं वाटलं, मुलाला हाक मारून दाखवलं. मग फोन आला. ते म्हणाले, हे बरंय, ती ओळ गेल्यामुळं जागा सुटली, तेवढा माझा फोटो मोठा घ्या. अडीच फुटांचा फोटो साडेतीन फूट झाला. चंद्र कोपऱ्यात सरकवला.